घरची बोली आणि आल्फ प्रॉइसेन

वाचकहो, आरंभी माझीच एक चूक सांगतो. कॉलेजात येण्यापूर्वी मी वर्षभर एका खेड्यातल्या शाळेत मास्तर होतो. एके दिवशी एका मुलाला विचारले, "काल का रे आला नाहीस?" तो म्हणाला, "गुर्जी, म्हस व्याली व्हती." मी लगेच म्हटले, "व्हती नव्हे, होती म्हण." वर्ग हसला. मुलाने उच्चार सुधारला खरा. पण त्या वर्षात तो आपण होऊन माझ्याशी पुन्हा बोलला नाही. रेडा झाला की रेडी, हे विचारायचेही मला सुचले नव्हते.

पुढे नॉर्वे देशातल्या आल्फ प्रॉइसेन या माणसाची हकीकत वाचनात आली, तेव्हा तो मुलगा मला पुन्हा आठवला. ती हकीकत आज तुम्हांला सांगतो.

नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोकाचा, डोंगरांचा आणि लांब हिवाळ्याचा देश. त्याची राजधानी ऑस्लो. तिच्या उत्तरेला म्योसा नावाचे मोठे सरोवर आहे. त्याच्या काठच्या रिंगसाकेर भागात 23 जुलै 1914 रोजी आल्फचा जन्म झाला. बाप 'हुसमान' होता. हुसमान म्हणजे काय? मोठ्या जमीनदाराने राहायला खोपटे द्यायचे, पोटापुरता जमिनीचा तुकडा द्यायचा आणि त्याच्या बदल्यात त्या माणसाने मालकाच्या शेतावर राबायचे. आपल्याकडचा सालगडी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे बरेचसे कळेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नॉर्वेत असे सुमारे 65 हजार हुसमान होते. कसत असलेली जमीन विकत घेण्याचा हक्क त्यांना कायद्याने मिळाला तो 1928 साली.

आल्फही मोठा झाल्यावर दुसऱ्यांच्या शेतांवर गडी म्हणून राहिला. गुरे सांभाळली, डुकरांचे दाणापाणी केले. त्याचे कागदोपत्री आडनाव ओलाफसेन. 'प्रॉइसेन' हे त्याच्या बापाच्या त्या खोपटाचे आणि तुकड्याचे नाव. लेखक झाल्यावर त्याने तेच आडनाव म्हणून घेतले. ज्या जागेची लाज वाटावी अशी जगाची अपेक्षा, तीच त्याने पुस्तकांच्या कव्हरावर छापली!

आता तिथल्या भाषेचे थोडे पाहू. नॉर्वे 1814 पर्यंत चारशेहून अधिक वर्षे डेन्मार्कच्या राजाखाली होता. त्यामुळे ग्रंथांची, कचेरीची, चर्चची भाषा डॅनिश, आणि लोकांच्या तोंडी गावोगावच्या बोली. पुढे दोन लेखी भाषा तयार झाल्या. एक डॅनिशवरून वळण घेतलेली, दुसरी खेड्यांतल्या बोलींवरून बांधलेली. 1885 साली त्यांना सारखा दर्जा मिळाला. त्याच्याही आधी, 1878 साली, तिथल्या पार्लमेंटने ठराव केला होता की, शाळेत शिकवणे शक्य तितके मुलांच्या स्वतःच्या बोलीत व्हावे. शिक्षक बंधुभगिनींनी हे साल लक्षात ठेवण्याजोगे आहे.

पण ठरावाने हक्क मिळतो, मान काही लगेच मिळत नाही. गड्याची बोली म्हणजे हसण्याची, नकला करण्याची गोष्ट, ही समजूत सहज जात नाही. ती घालवायला कुणीतरी त्या बोलीत चांगले काही करून दाखवावे लागते. प्रॉइसेनने ते केले.

1945 साली त्याचा पहिला कथासंग्रह निघाला. त्याच्या नावाचा अर्थ 'घरचा उंबरठा'. आणि त्यातला 'घरचा' हा शब्दसुद्धा पुस्तकी नाही, त्याच्या गावच्या उच्चारातला आहे. 1950 साली कादंबरी आली. शहरात गेलेली एक गरीब घरची मुलगी गावी परत येते, आणि गावातली लहानमोठेपणाची उतरंड उघडी पडते, असा तिचा विषय. 1955 साली तिच्यावर चित्रपट निघाला. 1954 पासून 1970 पर्यंत ऑस्लोच्या एका कामगार दैनिकात तो छोटेखानी लेख लिहीत राहिला. शिवाय गिटार घेऊन तो स्वतःची गाणी म्हणे. नाताळातल्या उंदरांचे त्याचे गाणे 1946 सालचे. ते आजही तिथल्या घराघरांत म्हणतात.

पण त्याला घरोघरी नेले ते रेडिओने. त्या काळी नॉर्वेची लोकसंख्या जेमतेम 33 लाख आणि सबंध देशाला नभोवाणी एकच. मुलांच्या कार्यक्रमात तो गोष्टी सांगू लागला, म्हणजे कोळ्याचे पोर आणि प्रोफेसराचे पोर एकाच वेळी ऐकत असे. त्याची सर्वांत गाजलेली गोष्ट एका म्हातारीची. ही बाई घरकाम करता करता एकदम चहाच्या चमच्याएवढी होते! मग उंदरामांजरांशी बोलावे, युक्तीने काम साधावे, आणि पुन्हा मोठे होऊन कामाला लागावे. ही म्हातारी पुढे अनेक भाषांत गेली. 1967 साली स्वीडनच्या आणि 1983 साली जपानच्या दूरचित्रवाणीवर ती दिसली.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या मुलांच्या पुस्तकांची भाषा प्रमाण लेखी भाषाच आहे. मात्र तिला बोलण्याची लय आहे. गाण्यांत तो गावची बोली वापरी. म्हणजे एक शिकायला दुसरी टाकावी लागते, असे नाही. दोन्ही एका तोंडात सुखाने नांदतात.

23 नोव्हेंबर 1970 रोजी, वयाच्या 56 व्या वर्षी तो वारला. ऑस्लोच्या ज्या दफनभूमीत थोर नाटककार इब्सेन विसावला आहे, तिथेच या गड्याच्या मुलालाही जागा मिळाली.

त्याचे एक लोकप्रिय गाणे आहे. शाळेत मनासारखे चित्र काढू न मिळाल्याने हिरमुसलेल्या एका मुलाची त्यात समजूत घातली आहे : उद्याचा दिवस अगदी नवा, कोरा मिळेल. मुलाप्रमाणे मास्तरालाही असा दिवस मिळतो, असे मी मानतो. 'होती' शिकवायचेच आहे, ते आपले कामच आहे. पण उद्या वर्गात कुणी म्हणाले, "म्हस व्याली व्हती," तर आधी विचारा, "वा! रेडा झाला की रेडी?" व्याकरण मागाहून येईल, आणि ते ऐकायला मूल तुमच्याजवळ बसलेले असेल.