चंचीत मावणारी बालवाडी

पान-सुपारीची चंची आता घरांतून जवळजवळ नाहीशी झाली आहे. एकावर एक शिवलेले कापडी कप्पे, प्रत्येक कप्प्यात वेगळा जिन्नस, गुंडाळून नाडी आवळली की कमरेला खोचायला मोकळी. लहान मुलांसाठी घरी बनवायच्या शैक्षणिक खेळांचा विचार करताना मला नमुना म्हणून हीच चंची समोर ठेवावीशी वाटते. खेळ बनवायचा कसा, हा प्रश्न तसा सोपा आहे. तो मुलाच्या मागोमाग जाणार कसा आणि टिकणार कसा, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात तो नेमका याच दिवसांत उभा राहतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. संसार गाडीत भरला जातो आणि त्या संसाराबरोबर तीन-चार वर्षांची मुलेही निघतात. अंगणवाडी गावात राहते आणि मूल फडाजवळच्या कोपीत.

बालशिक्षणातील साधनांचा इतिहास पाहिला, तर ती बहुतांशी एका जागी राहण्यासाठी घडवलेली दिसतात. फ्रोबेलने 1837 साली जर्मनीत बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्याच्या साधनांपैकी तिसरे म्हणजे आठ छोट्या ठोकळ्यांत विभागलेला एक लाकडी घन, पेटीत नेमका बसणारा. 1907 साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत माँटेसरीबाईंनी बालगृह उघडले. त्यांची साधने मापात घडवलेली आणि फळीवर ओळीने मांडायची. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर ही पद्धत राबवली होती. पण 1945 साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाल्यावर, अनुताई वाघांच्या साथीने, त्यांनी तत्त्व ठेवले आणि साधने बदलली. बिया, पाने, शंख-शिंपले, खडे हेच साहित्य झाले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी निघाली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. 1957 मध्ये हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. पुढे 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतल्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले.

चंचीतला खेळ ही याच विचाराची पुढची पायरी. त्याच्यासाठी मी एकच कसोटी लावते: एक तुकडा हरवला तर खेळ बंद पडतो का? दुकानातल्या कोड्याचा एक तुकडा गेला की सारे कोडे वाया जाते. चिंचोका हरवला तर दुसरा मिळतो. नेता येण्याजोगा खेळ हलका असावाच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे जिथे पोचेल तिथल्या वस्तूंनी तो पुन्हा भरता आला पाहिजे.

अंकांसाठी आपल्याकडे तयार नमुना आहे: चल्लस-आठ. जुन्या सुती कापडाच्या हातभर चौकोनावर 5×5 अशी 25 घरे दोऱ्याने टिपून घ्यावीत. बाहेरच्या रांगेत 16, आतल्या रांगेत 8 आणि मधले एक. चार चिंचोके दगडावर एका बाजूने घासून पांढरे केले की फासे तयार. जितके पांढरे वर, तितकी घरे पुढे. एकही पांढरा वर नसेल तर आठ. चार वर्षांचे मूल इथे हमखास एक चूक करते. सोंगटी ज्या घरात आहे, त्याच घराला ते ‘एक’ म्हणते. समजावून सांगण्यापेक्षा सोंगटीला उडी मारायला लावावी आणि प्रत्येक उडीला एक आकडा म्हणावा. मोजणे घरांचे नसून चालण्याचे आहे, हे त्याच्या हाताला कळते. मोठ्या भावंडासाठी याच फाशांत पुढचा धडा आहे. चिंचोका दोन्ही बाजूंनी सारखाच पडतो असे धरले, तर 16 शक्यतांपैकी 6 वेळा दोनचे दान पडेल, आठचे मात्र एकदाच.

अक्षरांचा कप्पा लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचा. त्यावर डिंकाने अक्षर काढून बारीक वाळू भुरभुरावी, म्हणजे बोटाला वळण कळते. सारी मुळाक्षरे एकदम भरू नयेत. ग, म, न, र, क, ल एवढी सहा घेतली तरी बिनमात्रेचे बरेच शब्द होतात: मन, नगर, नरम. मुलांना सर्वांत गंमत वाटते ती जागा बदलण्याची. ‘मगर’चे तुकडे सरकवले की ‘गरम’, ‘कमल’चे सरकवले की ‘कलम’. अक्षरांच्या क्रमाला अर्थ असतो, हे कळायला याहून सोपा पाठ मला सापडलेला नाही. मग काना वेगळ्या पट्टीवर द्यावा: ‘गर’चा ‘गार’, ‘कल’चा ‘काल’. पहिली वेलांटी मात्र उशिरा द्यावी. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर, याने मूल गोंधळते.

तिसऱ्या कप्प्यात जोड्या. एका पट्टीवर डावीकडे आकडा, उजवीकडे तितके ठिपके, आणि मधून नागमोडी काप. प्रत्येक पट्टीचा काप निराळा, म्हणजे चुकीची जोडी बसतच नाही. साहित्यानेच चूक दाखवावी, हे माँटेसरीबाईंचे तत्त्व इथे फार उपयोगी पडते, कारण फडावर तपासायला बाई नसतात. मात्र काही दिवसांनी मूल आकडा न पाहता नुसता काप जुळवू लागते. तेव्हा सगळ्या पट्ट्या सरळ कापलेला दुसरा संच द्यावा.

बियांबाबत एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. गुंज दिसायला मोहक, पण विषारी. एरंड आणि मोगली एरंड यांच्या बियाही तशाच. त्या चंचीत कधीही घालू नयेत. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती चिंचोकाही देऊ नये. तो घशात, नाकात अडकतो. त्याला सव्वा इंचाहून मोठ्या वस्तू द्याव्यात: कापडी चेंडू, लाकडी ठोकळे.

नियम दोन वाक्यांत सांगता येतील एवढेच असावेत, कारण ते सांगणारी बहुधा आठ-नऊ वर्षांची ताई असते. आईवडील पहाटेच कोयता घेऊन निघाले की धाकट्याला सांभाळणे तिच्याकडे येते. ती चंची उघडते आणि धाकटा मोजायला शिकतो. पण त्या वेळी तिने स्वतः तिसरीच्या वर्गात असायला हवे होते. खेळ कितीही चांगला शिवला तरी तिचा वर्ग त्यात मावत नाही. चंचीने धाकट्याची सोय होते. ताईची सोय करण्याचे काम शाळेचे आणि आपले आहे, आणि ते चंची देऊन संपत नाही.