दोन पोती ज्वारीची जोडी

१९७२ च्या दुष्काळात मी नऊ वर्षांचा होतो. आमचं गाव मेहकर तालुक्यातलं. पैनगंगेचं पात्र पायाला चटके देत होतं. कडब्याची गंजी पौषातच संपली आणि माघात आजोबांनी हरण्या-शिंगऱ्याची जोडी दोन पोती ज्वारीवर देऊन टाकली. गिऱ्हाईक न्यायला आलं, तेव्हा आजोबांनी दोघांच्या गळ्यातली दावी सोडून घेतली. म्हणाले, “बैल ने बाबा, दावी नाही देत.” आई चुलीपाशी होती; ती बाहेर आलीच नाही.

पुढे बायबल वाचताना ‘उत्पत्ती’च्या ४७ व्या अध्यायापाशी मी थबकलो. मिसर देशात दुष्काळ पडलेला. सुकाळाच्या सात वर्षांत तिथल्या राजाच्या, फारोच्या, कारभाऱ्याने म्हणजे योसेफाने कोठारं भरून ठेवली होती. लोकांनी आधी पैसे मोजून धान्य नेलं. पैसा सरल्यावर योसेफाने जनावरं मागितली. घोडे, मेंढरं, गुरं, गाढवं देऊन लोकांनी ते वर्ष काढलं. पुढच्या वर्षी उरलं काय? जमीन आणि स्वतःचा देह. तेही फारोचं झालं. बियाणं मिळालं, पण पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा राजाचा. पुजाऱ्यांची जमीन तेवढी सुटली. योसेफाने जीव वाचवले असं ते लोकच म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण गोठा रिकामा होणं आणि जमीन जाणं यांत एकाच वर्षाचं अंतर आहे, हे कास्तकाराच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही.

चारा नसला की सगळेच एकदम गुरं विकायला काढतात. जनावर पडेल भावात जातं, दाणा मात्र कडाडतो. इथिओपियातल्या १९७३ च्या दुष्काळाबद्दल अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या पुस्तकात हेच दाखवलं: पशुपालकांची गुरं तर मेलीच, पण जगलेल्या गुरांवरही पूर्वीइतकं धान्य मिळेना.

आमच्याकडे दुष्काळी कामं निघाली. आईने खडी फोडली, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाऊन आम्ही तगलो. जनावरांसाठी तसं काही आमच्या गावापर्यंत आलं नाही. म्हणून मी आजही जीव तोडून सांगतो, चारा छावणी गुरं बाजाराच्या वाटेला लागण्याआधी उघडा.

१९७३ चा पाऊस आला. वापसा झाला, तिफण तयार होती, जू रिकामं होतं. वडील शेजाऱ्याच्या रानात दोन दिवस राबले की त्याची जोडी आम्हाला एक दिवस मिळायची. गावात सगळ्यांत शेवटी आमची पेरणी झाली.