निरीक्षणवाचक पर्यायशब्द
एखादी वस्तू, स्थळ, मजकूर वा व्यवहार बारकाईने पाहण्याची क्रिया दर्शविणारे मराठीतील समानार्थी शब्द. निरीक्षण, परीक्षण, पाहणी, तपासणी, पडताळणी, छाननी, चौकशी, समीक्षा इ. शब्द या वर्गात मोडतात. शब्दकोशात ते एकमेकांच्या अर्थादाखल दिले जात असले, तरी प्रत्यक्ष वापरात क्वचितच परस्परांची जागा घेऊ शकतात. कोण पाहतो, किती अंतरावरून पाहतो, कशाशी ताडून पाहतो आणि पाहिल्यावर निर्णय देण्याचा अधिकार त्याला आहे की नाही, यांवरून त्यांतील अर्थभेद ठरतात.

व्युत्पत्ती : यांतील अनेक शब्द ‘ईक्ष्’ (पाहणे) या संस्कृत धातूला उपसर्ग लागून बनले आहेत. ‘निर्’ पासून निरीक्षण, ‘परि’ पासून परीक्षण, ‘सम्’ पासून समीक्षण व समीक्षा आणि ‘परि’ व ‘अव’ मिळून पर्यवेक्षण असे शब्द तयार होतात. अपेक्षा, उपेक्षा व प्रतीक्षा हेही त्याच धातूचे शब्द होत. परंतु त्यांत पाहण्याचा मूळ अर्थ मागे पडला आहे. निरखणे व पारखणे ही क्रियापदे याच कुळातून प्राकृतामार्फत मराठीत आली. त्यामुळे परीक्षा आणि पारख हे शब्द सख्खे असूनही एक ग्रांथिक व दुसरा घरगुती बनला. नजर, तपशील यांसारखे शब्द अरबी-फार्सीतून आले आणि कचेरीच्या भाषेत स्थिरावले.

अर्थच्छटा : निरखणे व न्याहाळणे यांत पाहणाऱ्याची उत्सुकता वा जिव्हाळा असतो, निर्णय नसतो. पारखण्यात गुणदोषांचा निवाडा येतो. तपासणी ठरलेल्या नियमाशी ताडून होते, तर पडताळणीत एका पुराव्याचा मेळ दुसऱ्या पुराव्याशी घातला जातो. छाननीत पुष्कळांतून ग्राह्य तेवढे ठेवून बाकीचे बाजूला काढतात, उदा., निवडणुकीतील नामनिर्देशनपत्रांची छाननी. चौकशीत पाहण्यापेक्षा विचारण्याला महत्त्व असते. टेहळणी व पाळत यांत, ज्याच्यावर लक्ष ठेवले जाते त्याला ते कळू नये, असा हेतू असतो. सिंहावलोकन म्हणजे चालता चालता मागे वळून पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे गतगोष्टींचा घेतलेला आढावा. विहंगावलोकन म्हणजे पक्ष्याप्रमाणे उंचावरून टाकलेली धावती दृष्टी. तपशिलाचे प्रमाण सांगणाऱ्या विशेषणांतही असाच भेद आढळतो. आरंभापासून शेवटापर्यंत ते ‘साद्यंत’, सर्व अंगोपांगांसह ते ‘सांगोपांग’ आणि जसे घडले तसे ते ‘इत्थंभूत’ होय.

व्यवहारातील महत्त्व : हे भेद केवळ शैलीचे नाहीत, हे गडचिरोली जिल्ह्यातील वडसा परिसरात स्पष्ट दिसते. वैनगंगेच्या काठचे हे गाव रेल्वे स्थानकाच्या नावात ‘वडसा’ आणि तालुक्याच्या नावात ‘देसाईगंज’ असे ओळखले जाते. येथील झाडीबोलीत ‘ण’ चा ‘न’ व ‘ळ’ चा ‘र’ होत असल्याने ‘डोळा’ हा ‘डोरा’ आणि ‘पाहणी’ ही ‘पाहनी’ अशी ऐकू येते. भात आणि जंगल यांवर येथील जीवन अवलंबून असल्यामुळे पाहणीचे शब्द लोकांच्या नित्य परिचयाचे आहेत. पिकाची पैसेवारी आधी ‘नजरअंदाज’ काढली जाते. पुढे ती ‘सुधारित’ व ‘अंतिम’ होते. हंगामातील पीक पाहून त्याची गाव नमुना १२ मध्ये नोंद करण्याचे काम पूर्वी तलाठ्याकडे असे. २०२१ मध्ये राज्यभर सुरू झालेल्या ‘ई-पीक पाहणी’ने ही नोंद भ्रमणध्वनीवरून करण्याची जबाबदारी प्रामुख्याने शेतकऱ्यावर आली. शब्द तोच राहिला, पाहणारा बदलला.

वनहक्कांच्या बाबतीत शब्दांचा हा क्रम अधिक निर्णायक ठरतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनुसार गावाची वनहक्क समिती दावेदाराला व वनविभागाला सूचना देऊन जागेवर जाते आणि दाव्याचे स्वरूप, विस्तार व पुरावे यांची प्रत्यक्ष पडताळणी करते. त्यावर ग्रामसभा ठराव करते, उपविभागीय समिती ठराव व नकाशे तपासते आणि जिल्हा समिती अंतिम मान्यता देते. जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने यांसारख्या खुणा आणि वृद्धांचे लेखी नोंदविलेले कथन हेही पुरावे मानले जातात. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. २०१२ च्या नियमदुरुस्तीने उपग्रहचित्रे इतर पुराव्यांना पूरक ठरू शकतील, पण त्यांची जागा घेऊ शकणार नाहीत, असे स्पष्ट केले. उंचावरून झाडांचे आच्छादन दिसते. झाडांखालची विहीर वा पूर्वजांची दफनभूमी पाहण्यासाठी जागेवर जावे लागते. म्हणून अशा दाव्यात विहंगावलोकन हे स्थळपडताळणीचा पर्याय ठरत नाही.