झीज वाटून घेणारी स्मृती

स्मरणिकेसाठी छायाचित्रे आणि आठवणी मागविल्या, की आता बहुतेक माजी विद्यार्थी कागदांची पिशवी घेऊन येत नाहीत; पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड हाती ठेवतात. शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, गुणपत्रिका, आजीच्या आवाजातील आठवणी, सारे काही त्या नखाएवढ्या वस्तूत असते. ज्या घरांत अक्षर येऊन दोन-तीन पिढ्याच झाल्या, त्या घरांचा लिखित इतिहास एवढाच असतो. म्हणून हे साधन कसे झिजते आणि त्याचे आयुष्य कसे वाढविले जाते, हे जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

या साधनांतील स्मृतीला फ्लॅश स्मृती म्हणतात. तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांनी १९८०च्या दशकात तिचा शोध लावला. हिच्यात माहिती म्हणजे सूक्ष्म कप्प्यांत कोंडलेला विद्युतभार. कप्प्याभोवती ऑक्साइडचा अत्यंत पातळ थर असतो. लिहिताना आणि पुसताना त्या थरातून इलेक्ट्रॉन जोराने आरपार ढकलले जातात आणि दर खेपेस थर किंचित खराब होतो. अखेरीस कप्प्याला भार नीट धरून ठेवता येत नाही. एका कप्प्यात एकच बिट ठेवणारी महागडी चिप सुमारे १ लाख वेळा पुसणे सोसते. तीन बिट ठेवणारी, आज सर्वत्र आढळणारी चिप साधारणतः १ ते ३ हजार वेळा. नुसत्या वाचनाने होणारी झीज मात्र नगण्य असते.

आणखी एक अडचण आहे. फ्लॅशमध्ये लिहिता येते पानापानाने, परंतु पुसावा लागतो अनेक पानांचा संपूर्ण ब्लॉक. आता समजा, एका चिपमध्ये १,००० ब्लॉक आहेत आणि प्रत्येक ब्लॉक ३,००० वेळा पुसता येतो. हजेरीपटाची एकच फाइल दिवसातून १०० वेळा त्याच ब्लॉकमध्ये नव्याने लिहिली, तर तो ब्लॉक ३० दिवसांत निकामी होईल. उरलेले ९९९ कोरे करकरीत राहतील. हेच काम सर्व ब्लॉकमध्ये सारखे वाटले, तर हिशेबाने ३० हजार दिवस, म्हणजे ८० वर्षांहून अधिक काळ मिळतो. प्रत्यक्षात माहितीच्या हलवाहलवीमुळे तो बराच कमी भरतो, तरीही फरक प्रचंडच. या वाटणीलाच वेअर लेव्हलिंग, अर्थात झीज-समतोल म्हणतात.

कर्जत-खालापूरच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. आपल्याकडे डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत एके वर्षी नाचणी, पुढे वरी, मग तीळ किंवा खुरासणी घेऊन ती काही वर्षे पडीक ठेवीत आणि दुसरा तुकडा कसायला घेत. एकाच तुकड्यावर सारा भार टाकायचा नाही, हे तत्त्व दोन्हीकडे समान आहे. फरक इतकाच, की विश्रांतीने जमिनीचा कस परत येतो. झिजलेला कप्पा मात्र पूर्ववत होत नाही.

ही वाटणी चिपसोबतचा नियंत्रक करतो. कोणती माहिती कोणत्या ब्लॉकमध्ये आहे आणि कोणता ब्लॉक किती वेळा पुसला गेला, याची वही तो ठेवतो. नवे लिखाण आले, की रिकाम्या ब्लॉकांपैकी सर्वांत कमी झिजलेला निवडतो. परंतु जुनी छायाचित्रे वर्षानुवर्षे एकाच जागी बसून राहिली, तर ते ब्लॉक झिजेचा वाटा उचलतच नाहीत. म्हणून उत्तम प्रतीचे नियंत्रक अशी स्थिर माहितीही अधूनमधून उचलून झिजलेल्या ब्लॉकमध्ये नेतात आणि ताजे ब्लॉक रोजच्या कामाला मोकळे करतात. स्वस्त पेनड्राइव्हमध्ये ही सोय बहुधा तोकडी असते.

वापरणाऱ्याने काय करावे? साधन काठोकाठ भरू नये. मोकळी जागा असली, तरच नियंत्रकाला वाटणी नीट करता येते. पेनड्राइव्हवरच फाइल उघडून दिवसभर बदल करू नयेत. काम संगणकावर करून शेवटी प्रत ठेवावी. सतत चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्यासाठी अधिक टिकाऊ म्हणून मिळणारेच कार्ड घ्यावे.

मात्र झीज-समतोलाने साधनाचे आयुष्य वाढते, माहिती अमर होत नाही. नियंत्रक अचानक बिघडू शकतो. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेल्या साधनातील भारही हळूहळू गळतो, आणि उष्णतेत तो अधिक वेगाने गळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अप्रकाशित लेखन महाराष्ट्र शासनाच्या १९७९ पासून निघू लागलेल्या खंडांतून वाचकांपर्यंत पोहोचू शकले, कारण ती हस्तलिखिते तोवर जपली गेली होती. आपल्या घरातील दस्तऐवजांनाही तीच निगा हवी. दोन वेगळ्या साधनांवर दोन प्रती, तिसरी दुसऱ्या गावातील नातलगाकडे, वर्षातून एकदा सर्व उघडून तपासणे आणि महत्त्वाच्या दाखल्याची कागदी प्रत, एवढे प्रत्येक कुटुंबाने करावे. चिपमधील झीज नियंत्रक वाटून देतो. जतनाची जबाबदारी आपणच वाटून घ्यायची आहे.