दात नवा, माप कोणते?

दात पडला की कवळी, नाही तर शेजारचे दात घासून बसविलेला ब्रिज, एवढेच उपाय एके काळी सामान्य माणसापुढे होते. १९५२ साली स्वीडनचे संशोधक ब्रोनमार्क यांना सशाच्या हाडात बसविलेले टायटॅनियमचे उपकरण हाडाशी एकजीव झाल्याचे आढळले. १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसविली आणि इम्प्लांटचे युग सुरू झाले.

आज बेळगावसारख्या शहरात हा उपचार नवलाचा राहिलेला नाही. केएलई संस्थेचे दंत महाविद्यालय तेथे १९८५ पासून चालू आहे. मराठा मंडळाचेही आहे. चोर्ला वा आंबोलीचा घाट चढून आपल्याकडचे रुग्ण तेथे जातात. अलीकडे त्यांना एक नवा प्रश्न विचारला जातो : दाताचे माप जुन्या पद्धतीने घ्यायचे की डिजिटल?

जुन्या पद्धतीत ट्रेमध्ये रबरासारखा लगदा भरून तोंडात धरतात, त्या मापात प्लास्टर ओततात आणि त्या साच्यावर मेणाचा दात घडवितात. पुढे मेण जाळून त्या पोकळीत धातू ओततात. पंचधातूची मूर्ती घडविणारा कारागीर हेच करीत आला आहे. डिजिटल पद्धतीत छोटा कॅमेरा तोंडात फिरवून संगणकावर चित्र उभे करतात आणि यंत्र झिर्कोनियाच्या ठोकळ्यातून दात कोरून काढते. या पद्धतीचा पहिला प्रयोग रुग्णावर झुरिच येथे १९८५ सालीच झाला.

दोहोंत श्रेष्ठ कोण, असा सरसकट प्रश्न विचारणेच चुकीचे आहे. एक-दोन दात बसवायचे असतील तर स्कॅनरची अचूकता जुन्या मापाच्या तोडीची ठरते. लगद्याने येणारी उबळ टळते, साचा मोडण्याचे भय नसते आणि पुष्कळदा एखादी खेपही वाचते. दूरवरून घाट चढून येणाऱ्याला या खेपेचे मोल सांगायला नको. पण पूर्ण जबडाच इम्प्लांटवर उभारायचा असेल, तर स्कॅनर लहान लहान चित्रे एकमेकांना जोडीत जातो आणि प्रत्येक सांध्यातील सूक्ष्म चूक पुढे साठत जाते. अशा वेळी इम्प्लांट परस्परांशी पक्के जोडून लगद्याने घेतलेले माप अनेक जाणकार अजूनही विश्वसनीय मानतात.

ही सूक्ष्म चूक क्षुल्लक नव्हे. नैसर्गिक दात हाडाशी तंतूंनी बांधलेला असल्याने साधारण २५ ते १०० मायक्रॉन हलू शकतो. हाडात रुतलेले इम्प्लांट जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन हलते. त्यामुळे दाताचा सांगाडा नीट न बसल्यास इम्प्लांट सरकून त्याला सामावून घेत नाही. ताण स्क्रूवर येतो, तो सैल होतो किंवा तुटतो.

म्हणून आमचे म्हणणे असे की, 'डिजिटल' या शब्दालाच दाम मोजण्याचे कारण नाही. ही पद्धत माझ्या जबड्याला का योग्य, असे विचारण्याचा रुग्णाला अधिकार आहे. इम्प्लांट कोणत्या कंपनीचे, कोणत्या मापाचे, याची लेखी नोंदही त्याने मागून घ्यावी. दहा वर्षांनी स्क्रू बदलायची वेळ आली तर तोच कागद कामी येईल. महाविद्यालयांनीही विद्यार्थ्यांच्या हातून मेण आणि प्लास्टर सुटू देऊ नये. ज्याने हाताने दात घडविला आहे, त्यालाच पडद्यावरची चूक दिसते.

आणखी एक गोष्ट कोणतेही यंत्र करू शकत नाही. निपाणीचा परिसर तंबाखूचा. १९८१ चे शेतकरी आंदोलन तंबाखूच्या भावासाठीच झाले. त्या पिकावर अनेकांची चूल पेटली, हे खरे. पण विडीच्या धुराने इम्प्लांट निकामी होण्याचा धोका वाढतो आणि मिश्रीने हिरड्या खंगतात, हेही तितकेच खरे. माप कोणत्याही पद्धतीने घेतलेले असो, ज्या हाडावर आणि हिरडीवर दात उभा राहायचा ते राखणे शेवटी रुग्णाच्याच हाती आहे.