अलॉयवरचे डाग आणि ॲसिडची बाटली

नागपुरात मानेवाड्याकडे माझं गाड्या धुण्याचं सेंटर आहे. गाडी रॅम्पवर चढली की बरेच मालक आधी समोरच्या चाकांकडे बोट दाखवतात. "भाऊ, हे काळं काही केल्या जाऊन नाही राहिलं!"

मागची चाकं त्या मानाने स्वच्छ असतात, कारण ब्रेक दाबला की गाडीचा भार समोर येतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचे ब्रेक करतात. ओतीव लोखंडाची डिस्क आणि ब्रेक पॅड घासले जाऊन तापलेली बारीक भुकटी उडते. ती चाकावर बसते, ओल लागली की तिच्यातलं लोखंड गंजतं आणि तांबूस ठिपके वरच्या लॅकरमध्ये रुततात. शॅम्पूने हे निघत नाहीत. त्यासाठी आयर्न रिमूव्हर लागतो. यात बहुधा थायोग्लायकोलेट असतं. केस काढायच्या क्रीममध्येही त्याच जातीचं रसायन वापरतात. लोखंडाशी गाठ पडली की ते जांभळं होतं आणि चाकावरून जांभळे ओघळ उतरतात. वास घाण येतो, पण काम चोख होतं.

मात्र चाक थंड हवं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो; उन्हात उभ्या गाडीच्या चाकावर औषध लगेच वाळतं आणि त्याचाच नवा डाग पडतो. म्हणून पहाटे, सावलीत, एकेक चाक घ्या. काही मिनिटांत मऊ ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवा. तारेची घासणी नको, लॅकरवर कायमचे ओरखडे उठतात.

डांबराला टार रिमूव्हर. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पाणी घातलेल्या व्हिनेगरने सुटतात, ते लगेच धुऊन टाकावं. शहरात सिमेंट रस्त्यांची कामं जिथे चालू असतात, तिथून आलात तर त्याच दिवशी चाकं धुवा. ओलं सिमेंट फार तीव्र अल्कली असतं आणि लॅकर उडालेल्या जागी ते ॲल्युमिनियम खातं.

आता बाटलीचं. काही ठिकाणी डाग झटपट जावा म्हणून चाकावर ॲसिड मारतात. क्षणभर चाक चमकतं, मालक खूश होतो. पण ॲल्युमिनियमवर त्याच्याच ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो, तोच त्याचं संरक्षण करतो. ॲसिड तो विरघळवतं. फुटपाथला घासून लॅकरचा टवका उडालेला असेल, तर ॲसिड तिथून आत शिरतं आणि पुढे लॅकरखाली गंजाच्या पांढऱ्या, वळवळत्या रेघा पसरतात. मग चाक पूर्ण खरवडून रंगवण्याशिवाय इलाज नाही.

चाकापेक्षा मला काळजी ते धुणाऱ्या पोरांची आहे. चाकांसाठीच्या काही ॲसिडांत हायड्रोफ्लुओरिक ॲसिड असतं. सौम्य असलं तर हातावर पडल्यावर लगेच दुखतही नाही. काही तासांनी वेदना सुरू होतात, तोवर ते खोल जाऊन शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकत असतं. जास्त गेलं तर जीव जाऊ शकतो. आणि आमच्या धंद्यात उघड्या हातांनी, अनवाणी काम करणारी पोरं खूप आहेत.

तेव्हा गाडी धुवायला द्याल तिथे बाटलीवरचं नाव बघा. ॲसिड असेल तर स्पष्ट "नको" म्हणा, आणि पोराच्या हातात ग्लोव्हज नसतील तर ते घालायला सांगून मगच चावी द्या.