पन्हळीच्या टोकाची विरूप शिल्पे

बाराव्या शतकात फ्रान्समध्ये आकाराला आलेल्या गॉथिक शैलीच्या, म्हणजे टोकदार कमानींच्या उंच चर्चवास्तूंवरून जबडा वासून बाहेर झेपावणाऱ्या दगडी प्राण्यांना ‘गार्गॉइल’ म्हणतात. पाहणाऱ्याला भय वाटावे एवढ्याचसाठी ते घडवले गेले असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक गार्गॉइल ही छपरावरचे पाणी वाहून नेणारी पन्हळ होय. भिंतीवरून ओघळणारे पाणी दगडांच्या सांध्यांतील चुना धुऊन नेते, म्हणून प्राण्याच्या पाठीत चर खोदून ते पाणी त्याच्या मुखातून शक्य तितके दूर फेकले जाई. या शिल्पांच्या ताणलेल्या मानेतला आवेश मुळात या गरजेतून आला आहे, आणि उपयुक्ततेच्या बंधनाने कल्पनेला अशी धार चढावी, हेच त्यांचे खरे वैभव आहे.

अर्थात केवळ पाणी काढून द्यायचे तर साधी दगडी नळीही पुरली असती. पाथरवटांनी मात्र तिला सिंहाचा जबडा, वटवाघळाचे पंख किंवा वेडावणाऱ्या माणसाचा चेहरा दिला. क्लेअरव्होचा संत बर्नार्ड याने बाराव्या शतकातच मठांमधील अशा विचित्र शिल्पांवर कठोर टीका केली. भिक्षूंचे मन ग्रंथ सोडून दगडांतच गुंतेल, ही त्याची तक्रार म्हणजे त्यांच्या मोहिनीची कबुलीच होय.

पॅरिसच्या नोत्र दाम चर्चच्या सज्ज्यावर हनुवटी तळहातांवर टेकून, जीभ बाहेर काढून शहराकडे पाहणारा प्रसिद्ध शिंगाळ प्राणी मात्र गार्गॉइल नव्हे. त्याच्यातून पाणी वाहत नाही. अशा निव्वळ शोभेच्या शिल्पाला ‘किमेरा’ म्हणतात, आणि तो मध्ययुगीन नसून एकोणिसाव्या शतकात वास्तुविशारद व्हिओले-ल-द्यूक याच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारातला आहे. तरीही ‘मध्ययुग’ म्हटले की जगाला तोच आठवतो, इतके ते शिल्प प्रभावी आहे.

महाराष्ट्राला ही विरूपता परकी नाही. जुन्या मंदिरांच्या उंबरठ्यावर कोरलेले कीर्तिमुख, म्हणजे वटारलेल्या डोळ्यांचे उग्र मुख, आणि गाभाऱ्यातील अभिषेकाचे पाणी मकराच्या मुखातून बाहेर सोडणारे मकरप्रणाल हे त्याच वृत्तीचे स्वतंत्र आविष्कार आहेत. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने रचलेल्या आणि 1888 मध्ये पूर्ण झालेल्या मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर तर प्रत्यक्ष गार्गॉइल आहेत, आणि या इमारतीच्या शिल्पकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. या स्थानकातून जाणाऱ्या वाचकांनी एकदा तरी थांबून, मान वर करून ते अवश्य पाहावेत.